आभाळातल्या रेंजचा दुकानदार

आमच्या गावात मोबाइल दुरुस्त करणारा एक माणूस आहे. बोलायच्या आधी तो आभाळाकडे पाहते, जसा काही माल तिथूनच उतरणार आहे. "काका, टावरचं राज्य संपलं. आता उपग्रहावरून फोन अन् नेट. मोर्शीपर्यंतचे सारे संत्रावाले घेतीन!" अन् स्वतःले फोन लावाचा असला, की दुकान सोडून रेंजसाठी पारावर पळते. मी म्हणतो, "आधी तुया दुकानात तं रेंज आण!"

परवा त्यानं होणाऱ्या गिऱ्हाइकांची यादी दाखवली. माझंच नाव पहिलं. मी चिडलो. "म्हातारी गेली. आता मी कोणाले फोन लावू?"

बायको बागेत पडली तवा दवाखान्याची गाडी बोलवाले, फोन लावाले मी पारापर्यंत धावलो होतो. परत आलो तं सारं संपलं होतं. हे त्याले माहीत आहे.

पहिल्यांदाच तो खाली पाहून बोलला, "तुमचं घर बागाईच्या मधात हाय, काका. उपग्रहाची छत्री तुमच्या छपरावर लावू. उद्या कोणी पडलं तं पारापर्यंत धावाले नको."



"शिडी माह्याजवळ हाय," मी म्हटलं. "पण चढताना आभाळाकडे नको पाहू. पडशीन."