मिस्त्रीचा नंबर

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीला बघायला माजलगावकडचे पाहुणे आले. आमचं गाव नांदूरघाटच्या पुढं, माळावर. वारा लई. अंबाजोगाईला इंजिनिअरिंग शिकताना मुलीनं आमच्या गच्चीवर दोन सोलर प्लेटा आणि एक छोटी पवनचक्की बसवली होती. उन्हाची वीज एका तऱ्हेची, वाऱ्याची दुसऱ्याच. दोन्ही एका मापात आणून बॅटरीत सोडणारा कन्व्हर्टर तिनं स्वतः जुळवला होता. दिसायला जिन्याखालचा पत्र्याचा डबा, बाकी काही नाही.

पाहुण्यांचे पोहे चालू असतानाच लाइट गेली. आमचा पंखा मात्र फिरत राहिला. मुलाच्या वडिलांनी वर पाहिलं.

"इन्व्हर्टर का?"

"न्हाई. सोलर आन् पवनचक्की, दोन्ही जोडलंय."

"कुणी केलं?"

मुलगी समोरच बसली होती, पदर सावरून. पोरगी जास्त हुशार दिसली की लोक बिचकतात, असं मेहुणीनं मला सकाळीच बजावलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हाय एक मिस्त्री."

"नंबर द्या की त्याचा. आमच्या शेतावर बसवू."

"शोधावा लागंल," मी म्हणालो. मुलीनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती सतरंजीच्या काठाकडं बघत राहिली.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, जिन्याखाली पीं पीं वाजलं आणि पंखा थांबला. कुणी काही बोलायच्या आत ती उठली. पदर कमरेला खोचून तिनं डबा उघडला. बैठकीतून सगळं दिसत होतं. पवनचक्कीकडची सैल झालेली वायर आवळली, बटण दाबलं, पंखा फिरू लागला. हात पुसत ती परत जागेवर येऊन बसली.

मुलाचे वडील मोठ्यानं हसले. "अवो, मिस्त्री तर घरातच हाय की!"

सगळेच हसले. मला मान वर करता येईना. पाहुणे मात्र खूश होते. पुढं त्यांनी होकारही कळवला.

नकार मुलीनं दिला.

"पोरगा वाईट नव्हता," ती म्हणाली. "पण पप्पा, तुमालाच माझी लाज वाटली, तर त्यांच्या घरी मी कोणत्या तोंडानं राहू?"

"लाज न्हाई गं..." मी म्हणालो.

आता डब्यात काही बिघडलं की ती मला सांगत नाही, सरळ दुरुस्तीला बसते. मीच टॉर्च घेऊन जवळ जाऊन उभा राहतो. "जरा खाली धरा," ती म्हणते. मी धरतो.