त्या ग्रंथातली शेवटची जानकी

“पुण्यवान हो बाई ती,” शेजारची बाई म्हणाली, आणि हात लांब करून तिने माझ्या गळ्यातला सवतीचा चांदीचा टाक आपल्या डोळ्यांना लावला. “तिच्या जागी तुम्ही आलात. नशीब काढलंत.”

कल्याणचं वाचनालय. चिकाच्या पडद्याआड आम्ही बायका. पलीकडे पुरुषांची सभा, आणि सभेपुढे उभे राहून माझे यजमान स्वतः लिहिलेला ग्रंथ वाचत होते. सगळे रडत होते. कुणी उपरण्याने डोळे पुसत होतं, कुणी नाक शिंकरत होतं. माझ्या सासूबाईंनीही पदर डोळ्यांना लावला होता. हे रडणं यजमानांच्या मेलेल्या पहिल्या बायकोसाठी होतं. पण जे ऐकून सगळे रडत होते ते आयुष्य तिचं नव्हतं. माझं होतं.

मी डावा दंड उजव्या हाताने घट्ट धरून बसले होते. चोळीच्या बाहीखाली तिथे एक व्रण आहे. लहानपणी देवी काढल्याचा, लस टोचल्याचा. पडद्यापलीकडून यजमानांचा आवाज आला, “तिच्या वाम बाहूवरील तो व्रण आम्ही कैक वेळा पाहिला, आणि दर वेळी आमचे मस्तक नम्र झाले.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि माझ्याच दंडावरच्या व्रणासाठी ती बाई माझ्या गळ्यातल्या सवतीच्या पाया पडत होती.

मी खडवलीच्या एका गरीब भटजीची मुलगी. ठाण्याला नौपाड्यातलं स्थळ सांगून आलं. बिजवर. पहिली बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. पण कचेरीत नोकरी, घरी दुभतं. दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून आईने होकार दिला.

आमच्यात लग्नात नवऱ्या मुलाने ताटात पसरलेल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं. त्या घडीपासून माहेरचं नाव संपलं. माझ्या ताटात यांनी लिहिलं, भटजींनी मोठ्याने वाचलं, जानकी. मागे उभ्या असलेल्या आईचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. जानकी हे त्या मेलेल्या बायकोचं नाव होतं. अंगठीही तीच होती. तरी मांडवात पेढे वाटले.

घरात पाऊल टाकलं आणि सासूबाईंनी माझ्या गळ्यात टाक बांधला. चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती. दुसरेपणाच्या बायकोने मेलेल्या सवतीला असं गळ्यात वागवायचं. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं. हळदकुंकू आधी तिला. घास आधी तिला. नाहीतर ती कोपते म्हणे. मला तिचा कधी राग आला नाही. बिचारी माझ्यासारखीच कुणाची तरी पोर. तिचं माहेरचं नाव काय होतं, हे मी एकदा सासूबाईंना विचारलं. त्यांना आठवेना. यांनाही आठवेना.

हे मात्र सुधारक. आळीतले बाकीचे पुरुष बायकोला ‘अगं’ म्हणत, नाहीतर नुसतं खाकरत. आमच्याकडे चारचौघांत नावाने हाक. “जानकी, पानं मांड. जानकी, पाहुणे आलेत.” लोक म्हणत, काय हा बायकोचा मान! मी ओ देत होते. नाव मेलेलीचं आणि ओ माझी, असा आमच्या घरातला मान होता.

यांनीच मला लिहावाचायला शिकवलं. ते मी नाकारत नाही.

मग यांनी ग्रंथ लिहायला घेतला. जानकी नावाच्या स्त्रियांची चरित्रं. नावात गुण असतो, असं यांचं म्हणणं. जानकी नाव ठेवलं की त्या बाईच्या अंगी सोशिकपणा, पावित्र्य, धैर्य आपसूक येतं. म्हणून गावोगावच्या जानक्या शोधायच्या. एकीने कल्याणला तलावाला घाट बांधून दिला होता. एकीने आंधळ्या सासऱ्याला जन्मभर भरवलं. एक नवऱ्यापाठोपाठ चार दिवसांत गेली, तिच्यावर तर यांनी पानंच्या पानं लिहिली. सगळ्या जानक्या मेलेल्या.

एका रविवारी दुपारी मी माजघरात अळूचे देठ सोलत बसले होते. हे बोरू-दौत घेऊन समोर येऊन बसले.

“तुझंही लहानपण सांग,” हे म्हणाले. “तूही जानकीच की. शेवटचं चरित्र तुझं घालीन.”

लग्न झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. भात झाला का, दूध तापलं का, एवढंच. मी देठ बाजूला ठेवले. हाताला खाज सुटली होती तरी धुवायला उठले नाही. उठले तर यांचं मन बदलेल अशी भीती वाटली. रविवारमागून रविवार मी सांगत गेले आणि हे लिहीत गेले. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मला नवरा आवडू लागला होता.

मी सांगितलं ते असं. आमच्या गावात देवीची साथ आली आणि माझा धाकटा भाऊ गेला. पुढच्या वर्षी सरकारचा देवी काढणारा आला. गावाने पोरं लपवली. कुणी कणगीत, कुणी माळ्यावर. टोचून घेतलं तर देवी कोपेल ही एक भीती, आणि दुसरी त्याहून मोठी. तेव्हा लस बाटलीतून येत नसे. आधी टोचलेल्या पोराच्या दंडावर फोड पिकायचा, त्यातली लस पुढच्याच्या दंडात टोचायची. देवी काढणाऱ्याबरोबर आलेली पोर कातकऱ्याची होती. बामणाच्या अंगात कातकऱ्याचा पू! गाव खवळलं.

ती पोर वडाखाली उन्हात बसली होती. दंड सुजलेला. कुणी पाणी दिलेलं नाही. मी आमच्या ओट्यावरून तिला बघत होते. भावाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी उतरले, तिच्या शेजारी जाऊन बसले आणि बाही वर केली.

तिने मला विचारलं, “तुजा नाव काय गं?”

मी सांगितलं. मग मी तिला विचारलं. ती म्हणाली, “जानी.”

देवी काढणाऱ्याने तिच्या दंडातून घेऊन माझ्या दंडात टोचलं. तिला माझ्यापेक्षा जास्त दुखलं असणार, पण तिने माझाच हात धरून ठेवला. माझं बघून कुणब्यांची पोरं आली, मग दोन बामणांचीही. बाकीच्या भटजींनी बाबांना वाळीत टाकलं. बाबांनी प्रायश्चित्त घेतलं, पण मला एक वावगा शब्द बोलले नाहीत. रात्री पाठीवरून हात फिरवून माझ्या नावाने मला म्हणाले, “भ्यायली नाहीस तू.” त्या हिवाळ्यात देवी पुन्हा आल्या. टोचलेली पोरं वाचली.

यांनी बोरू खाली ठेवला होता. “विलक्षण!” म्हणाले. माझी बाही स्वतःच्या हाताने वर करून व्रण पाहिला.

ग्रंथ मुंबईला छापला, गठ्ठा परस्पर कल्याणला गेला. मी वाचायला मागितला तर हे हसून म्हणाले, “तिथेच ऐक. मजा येईल.” मी ठेवणीतलं लुगडं नेसले. रीतीप्रमाणे आधी टाकाला दाखवलं. आगगाडीत सासूबाईंच्या शेजारी बसून मी मनातल्या मनात एकच गोष्ट घोळवत होते, की जानीचं नाव हे कसं उच्चारतील.

उच्चारलंच नाही. “आता आमच्या प्रथम भार्येचे चरित्र,” असं म्हणून हे सुरू झाले. खडवलीचं नाव गेलं, ‘एक खेडे’ झालं. भाऊ राहिला, कणगी राहिली, वड राहिला. “त्या बालिकेने आपला कोमल बाहु पुढे केला, आणि एका ब्राह्मणकुमाराच्या दंडावरील लस...”

ब्राह्मणकुमार.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांची पहिली सून पेणकडची, खडवली तिने बघितलीही नसेल. मला पहिलं न्हाऊ घातलं ते सासूबाईंनीच, माझ्या दंडावरचा व्रण बघून ‘हे काय गं’ असं विचारलं तेही त्यांनीच. आणि त्या रडत होत्या. खऱ्या रडत होत्या. माझ्या नजरेला नजर मिळताच पुटपुटल्या, “अगं, मेल्या म्हशीला मणभर दूध. मनावर नको घेऊस.”

“पण ते दूध तिचं नव्हतं, सासूबाई.”

“हळू बोल. लोक ऐकतील.”

परतीच्या वाटेवर हे खुशीत होते. उपरण्यात ग्रंथाची प्रत बांधलेली, आणि दोन-दोन मिनिटांनी तिच्यावरून हात फिरवत होते. मला काही विचारलं नाही. मी रडत नव्हते म्हणून मला आवडलं असावं, असं यांना वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे ओसरीवर पान खात बसले होते. ग्रंथ पाटावर मांडलेला. मी समोर जाऊन उभी राहिले. आजवर मी यांच्याशी ‘इकडून’ म्हणत, खाली बघत बोलले होते. त्या दिवशी तोंडाकडे बघितलं.

“माझं चरित्र तुम्ही तिला का दिलंत?”

हे दचकले. मग हसले. “वेडी आहेस. मेलेल्या बायकोची स्तुती केली तर लोक डोळे पुसतात. जिवंत बायकोची केली तर बाइलबुद्ध्या म्हणून हसतात. आणि बिघडलं काय? तीही जानकी, तूही जानकी. गोष्ट घरातच राहिली.”

“आणि जानी?”

“कोण जानी?”

रविवारमागून रविवार लिहून घेतलं होतं यांनी.

“जिच्या दंडातून मला टोचलं ती. तुम्ही जानक्या शोधत होतात ना? जानी म्हणजे जानकीच. माझ्या गोष्टीत एकच जन्माची जानकी होती, ती कातकऱ्याची होती. मी त्या दिवशी जानकी नव्हतेच.”

यांचा चेहरा पालटला. “कातकऱ्याच्या पोरीचं नाव आमच्या ग्रंथात? शुद्धीवर आहेस का? असला ग्रंथ घरात तरी घेईल का कुणी? आणि तुझ्या बोलण्याला आधार काय? छापलंय ते लोक खरं धरणार.”

हातच्या काकणाला आरसा कशाला? मी ओसरीवर, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर, बाही खांद्यापर्यंत वर केली. हे ओरडले, “आत जा!” मी गेले नाही. गळ्यातला टाक सोडला आणि त्यांच्या ग्रंथावर ठेवला.

“माझं सगळं तुम्ही हिला दिलंत. आता हिचा नैवेद्यही तुम्हीच दाखवा.”

मग आत जाऊन जेवले. लग्नानंतर पहिल्यांदा आधी घास मी घेतला. भात गार झाला होता, तरी गोड लागला.

दुपारी ओसरीवरून हाक आली. “जानकी!” मी तांदूळ निवडत होते, निवडत राहिले. पुन्हा हाक आली. सासूबाई धावत आल्या, “अगं, तो केव्हाचा हाका मारतोय.”

“ती मेलीय,” मी म्हटलं. “कल्याणला तुम्हीच सगळ्यांनी रडून घेतलंत ना?”

त्यांनी तोंडावर हात मारून घेतला. आळीत बभ्रा झाला. बायकोच्या अंगात सवत आली, असं काहींनी ठरवलं. काहींनी देवऋषी सुचवला. जी बाई सवतीला उतरवून ठेवते तिच्याच अंगात सवत आली म्हणायचं! यांनी बोलणं टाकलं. मग खडवलीला निरोप धाडला.

बाबा आले. थकले होते, काठी टेकत आले. मला वाटलं, सुटले. या जगात एक माणूस आहे ज्याने प्रायश्चित्त घेतलं पण मला बोल लावला नाही. ज्याला वड माहीत आहे, जानी माहीत आहे, माझं नाव माहीत आहे. मी त्यांच्या पायांशी बसले आणि बाही वर केली. म्हटलं, “बाबा, तुम्ही यांना सांगा. हे कुणाचं आहे ते सांगा.”

बाबांनी व्रणाकडे बघितलं नाही. आत जावई बसला होता, दार उघडं होतं. खाली बघत म्हणाले, “जानकी, असं करू नये. नवऱ्याचं घर आहे.”

जानकी.

नवऱ्याने दगा दिला तेव्हा मला राग आला होता. बाबांनी त्या नावाने हाक मारली आणि पायाखालची जमीनच गेली. मी बाही खाली ओढली. त्यांना पानसुपारी दिली, काठी हातात दिली आणि दारापर्यंत पोचवलं. त्यांनी वळून पुन्हा तीच हाक मारली. मी ओ दिली नाही. बाबांनाही नाही.

आता मी हे लिहिते आहे. अक्षरं यांनीच शिकवली, हात माझा आहे. माझं खरं नाव इथे लिहीत नाही. छापलेल्या नावाचं काय होतं ते मी पाहिलं. जानीचं मात्र लिहिते, कारण तिचं कुणी लिहिणार नाही. खडवलीच्या वडाखाली उन्हात बसलेली, सुजलेल्या दंडाची, कातकऱ्याची जानी. माझा जीव तिच्या अंगातून आलेला आहे. हे ज्याला विटाळ वाटेल त्याने पुस्तक मिटावं.

मला आता एक मुलगी आहे. तिला तिच्या नावाने हाक मारली की ती लांबून धावत येते. उद्या तिचं लग्न ठरेल. मांडवात ताट येईल, तांदूळ पसरतील, कुणाचा तरी सुधारक मुलगा अंगठी पुढे करील. त्याआधी ते तांदूळ मी धुऊन आधणात वैरीन. भात होऊ दे त्यांचा. भातावर कुणाला नाव लिहिता येत नाही.