मी सीपीयू म्हणालो

ही गोष्ट सांगायचं मी फार वर्षं टाळलं. कुणी विषय काढलाच तर ‘जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क उडाली’ एवढं म्हणून मी दुसरं काहीतरी बोलायला लागायचो. मुलीलाही तेच सांगितलं. ते खरं नव्हतं. आता लिहिता येतंय तोवर लिहून ठेवतो.

सेलूत आमचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या शूटिंगला मी बाहेर जायचो आणि दुकानातलं कॉम्प्युटरचं काम बायको करायची. तिला ते मीच शिकवलं असं मी लोकांना सांगायचो, पण खरं म्हणजे ती माझ्या मागं उभी राहून बघून बघून शिकली, आणि पुढं तिचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला. विशेषतः जुन्या फोटोंवर. घरात कुणी वारलं की लोक आमच्याकडं यायचे. हातात ओळखपत्रावरचा एवढासा फोटो, त्यावर गालापर्यंत आलेला शिक्का. किंवा कुठल्यातरी वरातीच्या गर्दीतलं निम्मं तोंड. त्यातून भिंतीवर लावायला मोठा फोटो करायचा, आणि तो तेराव्याच्या आत हवा. शिक्का पुसून तिथं कातडीचा रंग भरणं, फाटलेल्या जागेवर कान बसवणं हे ती करायची. एखादा मुलगा म्हणायचा, “काकू, आमच्या दादांना जरा गोरं करा.” तर ती म्हणायची, “नको रे बाबा, घरचे वळखायचे न्हाईत. हाय तसे राहू दे त्यांना.”

कॉम्प्युटर तेव्हाच म्हातारा झाला होता. फोटो मोठा असला की काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी मुंगीसारखी सरकायची आणि आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घुमायचा. मी रॅम वाढवली. सायकलचा पंप लावून धूळ उडवली. प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पांढरी पेस्ट खरवडून नवी लावली. प्रत्येक वेळी महिनाभर बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. परभणीहून कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला होता, त्यानं सगळं बघून सांगितलं, “काका, रॅमचा दोष नाही. प्रोसेसरच दमलाय. याच बोर्डावर याच्या वरचा एक बसतो, तेवढा बदला. डबा तोच, डिस्क तीच, तुमचे फोटो जिथल्या तिथं राहतील.”

हे पटलं, पण कधी बदलायचा ते ठरेना. लग्नसराईत मशीन खोलायचं धाडस होत नव्हतं आणि सराई संपली की वाटायचं, आता काम तरी कुठं आहे. अशा दोन सराया गेल्या. समोरच्या बाजूला नवा स्टुडिओ उघडला, तिथं म्हणे अल्बम डोळ्यांदेखत तयार व्हायचा. मी चिडायचो. बायको मात्र शांत.

“चालायलंय की,” ती म्हणायची. “मला काय घाई हाय?”

“तुला नसेल. गिऱ्हाईक उठून जायलंय.”

“जाऊ द्या. पट्टी सरकू लागली की मला तेवढा येळ चेहरा बघायला मिळतोय. एकदम झालं असतं तर मी बघितलंच नसतं.”

तेव्हा मला हे बायकी खूळ वाटलं. प्रोसेसर कधी बदलायचा हे ठरवताना त्याच्यासमोर रोज कोण बसतं त्याला विचारावं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

तिला त्या मशीनचा लळा होता त्याला कारण होतं. तिची आई ती लहान असतानाच गेली. आईचा एकटीचा फोटो कधी निघालाच नव्हता. भावकीतल्या एका लग्नात काढलेल्या फोटोत मागच्या रांगेत ती उभी होती, आणि तिच्या अर्ध्या चेहऱ्यापुढं कुणाचा तरी फेटा आला होता. तो फोटो आम्ही स्कॅन केला. मूळ फोटोला पुढं वाळवी लागली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती तो फोटो उघडायची आणि फेट्यामागचा चेहरा काढत बसायची. पहिल्यांदा तिनं दिसणारी बाजू उलटी करून दुसरीकडं लावून बघितली. चेहरा पूर्ण झाला, पण ती आई झाली नाही. “ही कुणाची तरी बाई वाटायलीय,” म्हणाली, आणि पुसून टाकलं. मग जिंतूरला थोरल्या बहिणीला फोन. “अक्का, आईची डावी भुवई कशी होती गं? वर चढलेली का?” अक्का पलीकडून काय सांगायची कोण जाणे, इकडं ही हसत हसत डोळे पुसायची. अशी किती वर्षं गेली. तिचं काम संपतच नव्हतं, म्हणून तो फोटो सीडीवरही घेतला नव्हता. गिऱ्हाइकांचे सगळे फोटो सीडीवर होते. तिचा तेवढा नव्हता.

एकदा अक्काकडं बारसं निघालं म्हणून ती एसटीनं जिंतूरला गेली. मला वाटलं, हीच वेळ. ती परत येईपर्यंत मशीन नवं करून ठेवू. मला मानवतला शूटिंग होतं, म्हणून दुकानाची किल्ली शेजारच्या टेलरकडं ठेवली आणि परभणीच्या दुकानाला फोन लावला. पलीकडं आवाज नवा होता.

इथं माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं सगळे त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. मी मात्र कुठंतरी वाचलं होतं की सीपीयू म्हणजे आतला तो चौकोनी तुकडा, प्रोसेसर. तेव्हापासून मी येईल त्याची चूक काढायचो. बायकोची तर हमखास. ती म्हणायची, “सीपीयूवर लय धूळ बसलीय,” की मी म्हणायचो, “सीपीयू आत असतो, हा डबा आहे.” ती म्हणायची, “बरं मास्तर,” आणि फडका मारायची.

फोनवर मी म्हणालो, “सीपीयू बदलायचाय. आज माणूस पाठवा.”

“पूर्ण सीपीयू ना काका?”

“अर्धा बदलता येतो का?”

तो हसला. “आणि जुना? घेऊन जाऊ का बदल्यात?”

“घेऊन जा. ठेवून काय करू, लोणचं घालू त्याचं?”

तोही हसला, मीही हसलो. माझ्या डोळ्यांपुढं बोटाच्या चिमटीत मावणारा तुकडा होता.

मानवतहून आलो तर टेबलाखाली नवाकोरा काळा डबा. मला वाटलं, वरचं कवच बदललं असेल, आतलं सामान तेच. चालू करून बघितलं, झटक्यात लागला. मी इतका खूश झालो की आत काय आहे, काय नाही, हे बघितलंच नाही.

ती आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच मी तिला टेबलाकडं नेलं. तिनं डब्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, माझ्या हातावर खोबरं ठेवलं. मग बसली आणि आपला फोटो शोधायला लागली. बराच वेळ शोधला. मग मान न वळवता म्हणाली, “अहो, आई कुठाय?”

मी बाहेर जाऊन फोन केला. जुना डबा त्यांनी त्याच दिवशी डिस्क साफ करून कुणाला तरी देऊन टाकला होता. “काका, तुम्हीच सीपीयू म्हणालात,” तो म्हणाला. त्याची काहीच चूक नव्हती.

आत येईपर्यंत मी खोटं तयार केलं होतं. म्हणालो, “डिस्क उडाली होती. म्हणून तर सगळंच बदलावं लागलं.”

मला वाटलं ती रडेल, माझ्यावर ओरडेल. ती खोबऱ्याच्या तुकड्याकडं बघत बसली. मग हळू म्हणाली, “माझ्यामुळंच झालं. जायच्या आदल्या दिवशी लाईट गेली होती. यूपीएस बीप बीप करायलं होतं आणि मी उठलेच न्हाई. भुवई जमत आली होती. तसंच बंद पडलं ते.”

त्या क्षणी फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. मी म्हणालो, “जाऊ दे, होतं असं.” म्हणजे तिनं स्वतःवर घेतलेला दोष मी तिच्याकडंच राहू दिला, वर माफ केल्यासारखा आव आणला.

त्यानंतर लाईट गेली आणि यूपीएस वाजायला लागलं की ती हातातलं सगळं टाकून धावायची. समोर गिऱ्हाईक असो, गॅसवर दूध असो. “आधी बंद करू द्या,” म्हणायची, “उगं माझ्यामुळं पुन्हा नको.” नवं मशीन इतकं वेगवान की पट्टी दिसायच्या आत काम व्हायचं. ती काम करून लगेच उठायची. दुपारी त्या खुर्चीत नुसती बसलेली मी तिला पुन्हा पाहिली नाही. अक्कालाही भुवईचं काही विचारलं नाही. मला तो जुना पंखा अजून ऐकू येतो, आणि त्याच्यासमोर हनुवटीला हात लावून बसलेली ती.

शेवटी परभणीला दवाखान्यात होती. दुपारची वेळ, मी उशाशी स्टुलावर. आज सांगायचंच असं ठरवून तिचा हात हातात घेतला, आणि सलाईनचं यंत्र वाजायला लागलं. बीप, बीप. तिनं डोळे उघडले. उठायला बघत होती.

“अहो, बंद करा आधी.”

“वाजू दे. तू पड.”

“सेव्ह झालं का?”

नर्सनं येऊन बटण दाबलं. आवाज थांबला. ती माझ्याकडं बघत होती, उत्तर हवं होतं तिला.

“झालं,” मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

तिचा फोटो समोरच्या स्टुडिओत केला. चहा गार व्हायच्या आत झाला. “काका, हनुवटीवरचा तीळ काढू का?” तिथल्या पोरानं विचारलं. मी म्हणालो, राहू दे, आहे तशी राहू दे तिला. आता तो फोटो त्या टेबलाच्या वर आहे. मी रोज खुर्चीत बसतो आणि एक वाक्य मनात जुळवतो. ते दवाखान्यात म्हणायचं होतं, त्याही आधी, हातात खोबरं होतं तेव्हाच म्हणायचं होतं. डिस्क उडाली नव्हती गं. यूपीएसचा दोष नव्हता, तुझा तर नव्हताच. तुझी आई मी घालवली, आणि वर तुला खोटं सांगितलं. मला माफ कर.