गिरजाबाईचे हात अन् आमच्या बाई

आधी कबूल करून टाकतो. बाईची शेवटची फिल्म माह्या हातानं खराब झाली, अन् मी त्याईले अजून खोटंच सांगून राह्यलो. बाईच्या पंचाहत्तरीच्या अंकात असं कोणी लिहीत नाई, मले माहीत हाय. पण संपादक काका म्हणाले, "मनात असन ते लिहून दे." मनात सध्या हेच हाय.

वत्सलाबाईची अन् माही पहिली भेट केळझरची. मी बारावीत दोनदा नापास होऊन गावभर टवाळक्या करत फिरत होतो. बाईनं शाळेच्या मैदानात दोन बांबूले चादर बांधून फिल्म लावली होती. त्यात एक बाई दारुड्या नवऱ्याचं सांगत होती. मी मशीनसमोर हात धरला अन् तिच्या तोंडावर सावलीचा कुत्रा भुंकवला. पोट्टे लोळून हसले. बाईनं फिल्म थांबवली. मले वाटलं, आता कानाखाली बसते. त्या जवळ आल्या अन् माहा हात धरून पायला.

"कुत्रा मस्त केला. अजिबात हलला नाई," बाई म्हणाल्या. "पण ती रडून राह्यली होती ना रे? उद्या सकाळी येजो. कॅमेरा पकडाले असाच हात लागते."

तवापासून सहा वर्षं झाली, मी त्याईच्या सोबत हाय.

बाई पहिले पेपरात बातम्या लिहीत. मंग त्याईच्या ध्यानात आलं का ज्या बायांचं आपण लिहितो, त्यातल्या अर्ध्याईले वाचताच येत नाई. म्हून कॅमेरा घेतला. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, कापसाची सरकी काढतात तिथं, मशीनच्या दातात बायांची बोटं जात. बाईनं त्याची फिल्म काढली अन् जिनिंगच्याच आवारात दाखवली. मालकाले सगळ्यात समोर खुर्ची दिली. तो मधातच उठाले लागला, तं बाई म्हणाल्या, "शेटजी, बसा थोडं. आता तुमचीच मशीन येते." महिनाभरात मशीनले जाळी लागली.

बाईचे नियम दोनच. जे झालं नाई ते दाखवायचं नाई. अन् फिल्म तयार झाली का पहिले ज्याची हाय त्याच्या घरी दाखवायची. त्यानं काढ म्हटलं तं काढायचं, काऊन म्हून विचारायचं नाई. एकदा मी एका काकूले म्हटलं, "काकू, घागर परत एकदा उचला, उजेड चांगला हाय." बाईनं तो तुकडा पुसाले लावला. म्हणाल्या, "तिनं एकदाच उचलली. तुह्या उजेडासाठी दुसऱ्यांदा कायले?"

अन् जीव लावाव तं बाईनं. माह्या मायचं ऑपरेशन सेवाग्रामले होतं, तं बाई तीन दिवस तिच्या खाटेजवळ बसून होत्या. सारा वॉर्ड गोष्टी सांगून हसवला. माय टाके धरून म्हणे, "बाई, पुरे करा, शिवण उसवन."

मंग साखरेनं बाईचे डोळे नेले. हळूहळू. एक दिवस लॅपटॉपसमोर बसून त्याईनं विचारलं, "स्क्रीन चालू हाय का?" स्क्रीन चालू होती. तवापासून मी चित्र सांगतो, बाई ऐकतात, अन् कुठं कापायचं ते सांगतात. त्या जिनिंगच्या, आता म्हाताऱ्या झालेल्या बायांची शेवटची फिल्म अशीच झाली.

त्यात गिरजाबाई होती. दोन बोटं अर्धी, तरी वाती वळत बोलत होती. ते मी शूट केलं अन् कॅमेऱ्याचं तेच कार्ड मामेभावाच्या हळदीत नेलं. न पायता पुसलं. गिरजाबाईच्या जागी डीजेसमोर नाचणारे माहे दोस्त. आवाज तेवढा दुसऱ्या मशीनवर होता, तो वाचला. परत शूट कराव तं तोवर गिरजाबाई वारली.

बाईले सांगाची हिंमत झाली नाई. मी मायले वाती वळाले बसवलं, तिचे हात शूट केले अन् गिरजाबाईच्या आवाजाखाली लावले.

नियमानं फिल्म पहिले गिरजाबाईच्या पोरीच्या, सुनंदाताईच्या अंगणात लावली. ती पाहत राह्यली. माह्या मायच्या हाताची पाचही बोटं साबूत. तिनं माह्याकडे पायलं.

"सुनंदा, हात ओळखले का वं मायचे?" बाईनं विचारलं.

तिनं पदर डोळ्याले लावला. मंग म्हणाली, "ओळखले, बाई."

बाईनं हात पुढं करून तिचा खांदा चाचपला अन् त्या तिच्यासोबत रडल्या. मी वायर गुंडाळत बसलो.

निघताना सुनंदाताईनं मले बाजूले घेतलं. "आवाज मायचाच हाय, तो ठेव. ते दुसरीचे हात काढजो. त्याईले मी काई सांगत नाई. त्याईच्याजवळ आता राह्यलं काय?"

मी हात काढले. तिथं आता नुसता अंधार हाय, अन् अंधारात गिरजाबाई बोलते. हिंगणघाटले फिल्म लागली अन् तो अंधार आला. बाईनं माही बाही ओढली. "पडद्यावर काय हाय?"

"गिरजाबाईचे हात."

"अर्धी बोटं दिसून राह्यली ना?"

"दिसून राह्यली, बाई."

त्याईले समजलं का मी सुनंदाताईले दुसरीचे हात दाखवले, तं त्या फिल्म बंद करतीन, एका दिवसात. यानंतर दुसरी होणार नाई, हे त्याईले बी माहीत हाय अन् मले बी.

बाईनं शंभरी गाठाव. साखर ताब्यात राहाव, गुडघे चालत राहाव, अन् रोज सकाळी चहाच्या वक्ताले त्याईनं मले आळशी म्हणाव. मी ऐकाले तयार हाय.

आता एकच. हा अंक बाईले मीच वाचून दाखवणार हाय. हे पान आलं का मी दुसरंच काई वाचन, कुत्र्याची गोष्ट थोडी लांबवन. पण तुम्ही त्याईले भेटाले जासान, अन् त्या विचारतीन, गिरजाबाईचे हात कसे वाटले म्हून. तं सांगजा, दोन बोटं अर्धी होती अन् वाती वळून राह्यली होती. हे खोटं नाई, म्या पायलं हाय. बाकीचं कोणाले सांगू नका. हात जोडतो, बाईले तं नकाच सांगू.