कूळ की मजूर

माझ्या चुलतभावाची वाडी गेली ती माझ्या हेव्यापायी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

शेटचा हेवा मला कधी वाटला नाही. नंदाखाल गावातल्या निम्म्या वाड्या त्याच्या, दारात घोडागाडी, आगाशीच्या बाजारात तो दिसला की लोक ओट्यावरून उठायचे. ते सगळं आम्हाला समुद्रासारखं. आहे ते आहे. समुद्राचा कोण हेवा करतो? दादाचं, माझ्या त्या चुलतभावाचं, तसं नव्हतं. आम्ही एका ताटात जेवलेले.

दादा, आणि त्याच्या आधी त्याचा बाप, शेटची एक वाडी खंडानं करायचे. मी शेटचा पगारी माणूस, केळीच्या पाट्या गाडीत भरून विरार स्टेशनावर पोचवायचो. स्वातंत्र्यानंतर कूळ कायदा आला, कसेल त्याची जमीन अशी बोलणी सुरू झाली. दादाला वाडी मिळणार होती. मी कसतच नव्हतो, मला काय मिळणार?

वाडीत शिरताना आम्ही सगळे चपला कुंपणाबाहेर काढायचो. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या वर्षी दादा एकदा चपला घालूनच आत शिरला.

वहिनी ओरडली, "अवो, पायातलं काढा. शेट बघंल."

"बघू दे. तो काडतो का त्याच्या पायातलं?" मग मला म्हणाला, "बाबू, वाडी नावावर झाली का पयला लोंगर तुझ्या घरी."

केळीचा पहिला घड मला, असं मोठ्या मनानं म्हणाला. पण देणारा तो आणि घेणारा मी, एवढंच मला ऐकू आलं. शेटनं वर्षानुवर्षं दिलेली उतरलेली केळी मी मुकाट खाल्ली होती. हा न पिकलेला लोंगर मात्र घशात अडकला. घरी येऊन मी बायकोवर उगाच डाफरलो.

पुढे कुळाच्या चौकशीला मामलतदार रावसाहेब आले. विहिरीजवळ खुर्ची मांडली होती. शेट म्हणाला, वाडी मी स्वतः करवून घेतो, हा रोजावरचा गडी. कूळ ठरला तर वाडी दादाची, मजूर ठरला तर शेटचीच. गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "शेट, मंग जरा रहाट हाका बगू! रेडा वळखतो का तुमाला?" सगळे हसले. रावसाहेबही हसले. वारं दादाच्या बाजूनं होतं.

मग रावसाहेबांनी मला पुढे बोलावलं. "तू शेटकडेही असतोस आणि याचा भाऊही. खरं सांग. हा कूळ की मजूर?"

दादा माझ्याकडे बघून चक्क हसला. काळजीच नव्हती त्याला.

"मजूर," मी म्हणालो. "रोजावर."

शेटनं चमकून माझ्याकडे पाहिलं. त्यानं मला काही शिकवलेलं नव्हतं, काही देऊ केलेलं नव्हतं. त्याला मागावंही लागलं नाही. अशा माणसांचं राज्य कशावर चालतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

वाडी शेटकडेच राहिली आणि दादा नायगावच्या मिठागरावर कामाला लागला. मिठानं त्याच्या टाचा फुटल्या. मी त्याला टाळत राहिलो. काही वर्षांनी घरातल्याच एका लग्नात मी पंगतीत बसायला गेलो, तर एक भाचा मोठ्यानं म्हणाला, "शेटच्या मानसाला वेगळं पान मांडा रे, आमच्यात कशाला?"

"गप रे," दादा म्हणाला. "शेटनं दम दिला व्हता त्याला. पोराबालांचा मानूस, काय करनार? ये बाबू, बस."

सरकून त्यानं मला शेजारी जागा दिली. मी बसलो, मान खाली घालून जेवलो. वरून त्यानं माझ्या पानात भात वाढायला लावला.

दादा आता थकला आहे, कानांनी कमी ऐकतो. अजूनही कुणी तो विषय काढला की माझी बाजू घेतो. "दादा, मला कुणी दम दिला नव्हता, मला तुझं बरं झालेलं बघवलं नसतं." एवढं त्याच्यासमोर बसून, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगणं मी त्याचं देणं लागतो.