यवतेश्वरच्या घाटात अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी

"आक्का, खाली उतरा. ही टेस्ट आहे."

"व्हय की. घ्या तुमी टेस्ट. आमी काय बोलत न्हाई," असं म्हणून आक्कांनी मांडीवरची नारळाची पिशवी सावरली.

शेजारपाजारच्या आणखी चौघी दाटीवाटीनं बसल्या होत्या. अ‍ॅम्बेसेडर यवतेश्वरच्या घाटात निघालीय म्हणजे देवदर्शन होणारच, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. माझं डोकं फिरलं.

सांगलीत माझं जुन्या गाड्यांचं वर्कशॉप आहे. साताऱ्याजवळच्या गावातून आबांनी, म्हणजे एका रिटायर्ड सुभेदारांनी, बोलावलं होतं. आक्का त्यांची थोरली बहीण. आबांकडे दोन गाड्या, अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी. मुलानं घर वाढवलं आणि शेडमध्ये एकाच गाडीपुरती जागा उरली. दुसरी विकायची. आबांचा जीव दोन्हींत. "तुमीच सांगा कुठली ठिवू. मला झोप लागंना," म्हणाले.

तुलना करायची तर दोन्ही गाड्यांत वजन सारखं हवं. आबा आणि मी, तिसरं कुणी नको. हे मी फोनवर सांगितलं होतं, चहा पिताना पुन्हा सांगितलं.

"आबा, यांना उतरवा ना."

"आवं मॅडम, रिकामी गाडी देवाकडं न्यायची? लोक काय म्हनतील?"

गेलो तसेच. चढाला गाडी सेकंड गिअरमध्ये रडत होती. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, त्याला बॉडी रोल म्हणतात. इथं गाडीबरोबर बायकाही एकमेकींवर कलत होत्या आणि हसत होत्या. कसला पिकअप आणि कसलं काय.

मग पद्मिनी काढली. आता कुणीच येईना. "लय आखडून बसावं लागतंय तिच्यात," आक्का म्हणाल्या. आम्ही दोघंच गेलो. स्टीअरिंग हलकं, वळवाल तिथं वळणारी गाडी. आबा मात्र सारखे मागच्या रिकाम्या सीटकडं बघत होते.

मीही हट्टाला पेटले. आक्का आत गेल्याबरोबर आबांना घेऊन रिकामी अ‍ॅम्बेसेडर पुन्हा वर नेली. तरी फरक दिसलाच.

"पद्मिनी ठेवा," मी म्हणाले. "चढ, वळण, ब्रेक, सगळ्यात सरस आहे."

"पटलं," आबा म्हणाले. "पद्मिनी इकतो."

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. "मग मला कशाला बोलावलंत?"

"चांगली कुठली ते कळाया नको? घेनाऱ्याला खरं सांगाया येतंय." मग म्हणाले, "गाडी झ्याक हाय, मॅडम. पन मी गाडी काढली आन् कोनच बसाया आलं न्हाई, असं आज पयल्यांदा झालं. लय कसंतरी वाटलं बगा."

पद्मिनीला गिऱ्हाईक लगेच मिळालं. ती नेली तेव्हा आबा शेडमधून बाहेर आले नाहीत, असं आक्कांनी फोनवर सांगितलं.

आता कुणी दोन गाड्यांची तुलना करायला बोलावलं, की बॉनेट उघडायच्या आधी मी विचारते, गाडीत बसणार कोण? निम्म्या वेळा तिथंच काम संपतं.