दुसऱ्याने वाचायची तारीख

तुम्ही कित्येक वर्षं शोधत असलेली वस्तू तुमच्या मित्राच्या हाताला लागली, ती तीच आहे हे त्याला कळलेलं नाही आणि तुम्हाला मात्र कळलं आहे, तर तुम्ही त्याला सांगाल का? लगेच हो म्हणू नका. मीही लगेच हो म्हणणाऱ्यांतलीच होते.

मी करी रोडच्या चाळीत वाढले. बाबा गिरणीत बदली कामगार होते. संपानंतर त्यांनी पडेल ते काम केलं, पण युनियनची पत्रकं रद्दीत घातली नाहीत. कॉटखाली त्यांचे गठ्ठे असायचे आणि शाळेत जायच्या आधी जोडाक्षरं मी त्यांवरूनच शिकले. ‘श्रीखंड’ लिहिता येण्याआधी मला ‘संघर्ष’ लिहिता येत होतं. पुढे मी स्वतः पत्रकं लिहू लागले, पाण्याच्या वेळांवर, पुनर्विकासात वगळलेल्या खोल्यांवर. खरं असेल तेच छापायचं, हा आमच्या घरचा एकमेव कुळाचार. चाळीत भांडण लागलं की लोक म्हणायचे, तिला विचारा, ती खोटं बोलणार नाही.

अशा मला जुन्या संगणकांच्या प्रोसेसरचा नाद लागला. बोटाएवढी लांब सिरॅमिकची चिप, दोन्ही कडांना गोमेसारखे पाय, मधोमध सोनेरी झाकण. नाद लावला खालच्या मजल्यावरच्या मित्राने. लालबागला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं टीचभर दुकान आहे.

या माणसाचा मला हेवा वाटतो आणि तो जुना आहे. परळला एका भंगारवाल्याच्या गोडाऊनमध्ये रविवारी सकाळी आम्हाला पोतं चाळायला मिळतं. झाकणावरचं सोनं काढायला पुढे पाठवायच्या चिपा त्यात असतात. आत भिंग न्यायला बंदी. “तौल के लेने का, घूर के नहीं,” हा भंगारवाल्याचा कायदा. पोत्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघं बसतो, पुढ्यात एकेक ताट. मी तासभर उकरते आणि माझ्या ताटात काळ्या प्लॅस्टिकचे नेहमीचे तुकडे जमतात. तो वालाच्या शेंगा निवडल्यासारखा हात फिरवतो, मध्येच भंगारवाल्याशी क्रिकेटवर बोलतो आणि त्याच्या ताटात जांभळं सिरॅमिक येऊन पडतं. त्याला घाई नसते. मला वाटतं, मी त्याच्यावर सगळ्यात जास्त जळते ती यासाठी.

चिपेचं वयही त्यानेच मला शिकवलं, आणि तेही चारचौघांत. दादरला काही हौशी मंडळी जमली होती. मी माझी पहिली चिप ऐटीत पुढे केली आणि तिच्यावरचा सन वाचून दाखवला, अठ्ठ्याहत्तर. तो हळूच म्हणाला, “अगं, तो हक्क नोंदवल्याचा सन. डिझाइनचं वय. चिपेचं वय खालच्या चार आकड्यांत असतं.” पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन त्या वर्षातल्या आठवड्याचे. माझी चिप निघाली सत्त्याऐंशीची. तो बरोबर होता आणि त्याचा आवाजही सौम्य होता. दोन्हीचा मला राग आला.

पण आठवड्याच्या त्या दोन आकड्यांनी मला धरलं. ८२०३ म्हणजे ब्याऐंशी सालचा तिसरा आठवडा. गिरण्यांचा संप सुरू झाला तो आठवडा. बाबांकडे त्याच दिवसांतलं एक पत्रक आहे, घडीवर फाटलेलं. त्याच्या शेजारी मला त्याच आठवड्यात बनलेली चिप ठेवायची होती. इथे माग थांबत होते तेव्हा जगात कुठेतरी कुणीतरी ही चिप तपासून पेटीत टाकली असणार. त्या माणसालाही शिफ्ट असेल, डोक्यावर मुकादम असेल. मला त्यावर लिहायचं होतं. त्याआधी बाबांच्या तळहातावर ती ठेवायची होती.

मग मला सगळीकडे शून्य तीनच दिसायला लागलं. झिजलेल्या छपाईत इंग्रजी तीन आणि आठ जुळ्या भावांसारखे दिसतात. दोनदा मी ०८ची चिप ०३ची म्हणून बाबांकडे नेली. दोनदा त्यांनी चष्मा पुसून पाहिली आणि ‘हा आठ आहे’ म्हणून परत दिली. तेव्हा मित्राने नियम घातला. आपली चिप आपण वाचायची नाही. दुसऱ्याने वाचायची, मोठ्याने, आणि तीच तारीख लेबलवर जायची. नंतर बदल नाही. “तुला भूक लागलेली असते गो,” तो म्हणाला, “तुला सगळीकडे भाकरीच दिसते.”

या वर्षीच्या एका रविवारी त्याच्या ताटात पांढऱ्या सिरॅमिकची एक चिप आली. झाकण नवंकोरं, छपाई जवळजवळ पुसलेली. गोडाऊनबाहेर चहाच्या टपरीपाशी उभं राहून त्याने ती माझ्या हातावर ठेवली. पुसट छपाई वाचायची आमची युक्ती सोपी आहे. तोंड जवळ न्यायचं आणि हाऽ करून वाफ सोडायची. वाफ धरली की अक्षरं क्षणभर वर येतात.

आली. आठ, दोन, शून्य, तीन. तीनची डावी बाजू उघडी होती, दार उघडं असावं तशी. मग वाफ उडाली आणि पुन्हा नुसता पांढरा दगड.

“काय गो? वाच ना.”

“ब्याऐंशी,” मी म्हणाले. “शून्य आठ.”

“नक्की?”

“शून्य आठ.”

“म्हणजे तुझा संप पाच आठवड्यांनी हुकला,” तो हसला आणि गुडघ्यावर वही टेकवून लेबल लिहायला लागला.

मला ती चिप हवी होती हे तर झालंच. पण त्याहून जास्त, ती आपल्याला मिळाली हे त्याला कळू नये, असं मला वाटत होतं. माझ्याकडची सगळ्यात चांगली जांभळी चिप मी बदल्यात देऊ केली. तो म्हणाला, “नाय गो. झाकण बघ, एक ओरखडा नाय. ही फ्रेममध्ये जाणार.”

तशी ती गेली. त्याच्या दुकानाच्या भिंतीवर आता मोठी फ्रेम आहे. आत वर्षांच्या क्रमाने चिपा, वर काच, कडा फ्रेमवाल्याकडून पक्क्या चिकटवलेल्या. गिरगावचे एक काका, आमच्या हौशी मंडळींतले सगळ्यात जुने, मुद्दाम ती बघायला आले. मी तिथेच होते. “याला म्हणतात हात,” ते त्याची पाठ थोपटत म्हणाले. मग माझ्याकडे वळले, “तुझं काय चाललंय? अजून पत्रकंच?” काचेमागे त्याच्या गोल अक्षरात ८२०८ लिहिलेलं होतं. माझ्या तोंडचा आकडा.

पंधरा दिवस मी पत्रक लिहायला बसत होते आणि उठत होते. सोळाव्या दिवशी दुकानात गेले. त्याची आई डबा घेऊन आलेली होती.

“ती चिप शून्य आठ नाही, शून्य तीन आहे,” मी म्हणाले. “मी खोटं वाचलं.”

तो एका फोनचा स्क्रू काढत होता. मान वर न करता म्हणाला, “परत सुरू?”

“अरे, मी खोटं बोलले तुझ्याशी.”

“तू?” आता त्याने वर पाहिलं आणि मोठ्याने हसला. “रेशनवाल्याने पाव किलो साखर जास्त घातली म्हणून परत द्यायला गेलेलीस ना? तू खोटं बोलणार?”

“हेवा वाटला मला.”

“वाटणारच. पीसच तसा आहे. पण हवी म्हणून तारीख बदलत नाय. नियम कोणासाठी केलेला?”

मी फ्रेमवर मोबाइलची टॉर्च मारली. काच चमकली. त्याने भिंग लावून पाहिलं. “आठच आहे. डावी बाजू झिजलीय.” मी त्याला जे सांगितलं होतं, तेच त्याला दिसत होतं.

“काच काढ. एकदा वाफ धर.”

“पॅक केलीय ती. तुझ्या भुकेपायी फ्रेम फोडू?”

त्याच्या आईने डबा काउंटरवर आपटला. “भांडतास कित्याक रे? दी तिका एखादी. घरात काय थोडी आसत?”

मला एखादी नको होती. मी बाहेर पडले.

इतकी वर्षं खरं बोलून जी पत कमावली, तिच्याच आधाराने माझं खोटं आता भिंतीवर लटकतंय. बाबा अधूनमधून विचारतात, “मिळाली?” मी नाही म्हणते, आणि ते खरंच आहे. मी सुधारले असंही समजू नका. आजही ती फ्रेम पाहिली की मी जळते. तो आठवडा त्याला न मागता मिळाला आणि काय मिळालं हेही त्याला ठाऊक नाही. पण ते ठाऊक नसणं माझ्यामुळे आहे आणि माझ्या शब्दाने ते आता फिटणार नाही.

म्हणून तुमच्याकडे मागते. लालबागला आलात आणि मोबाइल दुरुस्तीच्या एखाद्या टीचभर दुकानात भिंतीवर चिपांची फ्रेम दिसली, तर आत जा. माझा विषय काढू नका. त्याला काच उघडायला लावा. अनोळखी माणसाला तो सहसा नाही म्हणत नाही. दुसऱ्या ओळीत पांढरी चिप आहे. तोंड जवळ न्या, वाफ धरा आणि दिसेल ते वाचा. तुम्हाला आठ दिसला तर आठ वाचा. पण त्याला ऐकू जाईल असं, मोठ्याने वाचा.